मिरजेत ३ टेस्लाचं एमआरआय आहे, हायपरपोलराइज्ड कार्बन-१३ साठी आणखी काय लागेल?

मिरज_३टी

नमस्कार मंडळी. आमच्या विभागात ३ टेस्लाचं मशीन आहे, फक्त प्रोटॉनचं, म्हणजे हायड्रोजनचा सिग्नल घेणारं. प्रोस्टेटच्या गाठीत पायरुव्हेटचं लॅक्टेट किती वेगानं होतं ते हायपरपोलराइज्ड कार्बन-१३ (अणुकेंद्रांची चुंबकीय दिशा, म्हणजे पोलरायझेशन, बाहेरून जुळवून सिग्नल खूप वाढवलेला कार्बन) वापरून बघायचा प्रस्ताव लिहायचा आहे. मूळ कल्पना स्पष्ट आहे. पायरुव्हिक ॲसिड अतिथंड करायचं, मायक्रोवेव्ह देऊन इलेक्ट्रॉनचं पोलरायझेशन कार्बनकडे वळवायचं, गरम पाण्यानं झटक्यात विरघळवायचं आणि शिरेतून द्यायचं. घोडं पुढं अडतंय.

पीईटी स्कॅनचं एफडीजी (किरणोत्सारी ग्लुकोज) दुसऱ्या शहरातून गाडीनं मागवता येतं, तसं पोलराइज केलेलं सँपल पुण्याहून आणता येईल का? सँपल बनवताना नेमकं काय बिघडतं? आणि सिग्नल एकदाच मिळणार असेल तर स्कॅनरवर पॉवर नि फ्रिक्वेन्सी कशावर लावून घ्यायची? माहितीपत्रकांत सगळं गुळगुळीत लिहिलेलं असतं, म्हणून इथं विचारतोय.

हीलियम_काका

गाडीचा विचार आधी डोक्यातून काढा. एफडीजीचा अर्धायुष्यकाळ ११० मिनिटं. पुणे ते मिरज चार तास धरले तरी पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त उरतं, निघताना डोस वाढवून भागवता येतं. इथं हिशोब सेकंदांचा आहे. विरघळलेल्या पायरुव्हेटच्या पहिल्या कार्बनचा टी-वन (पोलरायझेशन विरत जाण्याचा काळ) ३ टेस्लाला ६० ते ७० सेकंद. ६५ धरा. विरघळवल्यापासून ३० सेकंदांत इंजेक्शन दिलंत तर ६३ टक्के उरतं, मिनिटात दिलंत तर ४० टक्के, दोन मिनिटं लागली तर १६ टक्के. रक्तात गेल्यावर टी-वन आणखी खाली येतो, साधारण ३० सेकंद. म्हणून पोलरायझर (सँपल पोलराइज करणारं यंत्र) स्कॅनरच्या शेजारच्या खोलीतच हवा. अतिनील प्रकाशानं तयार होणारे आणि गरम केल्यावर नाहीसे होणारे रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेले रेणू) वापरून घन अवस्थेतलं पोलरायझेशन टिकवायचं आणि सँपल वाहून न्यायचं, यावर काम झालेलं आहे, पण ते प्रयोगशाळेतलं. प्रस्तावात त्यावर भिस्त ठेवू नका.

एवढा खटाटोप कशासाठी, तो आकडा प्रस्तावात पहिल्याच पानावर टाका. शरीराच्या तापमानाला ३ टेस्लामध्ये कार्बन-१३ चं पोलरायझेशन दर १० लाखांत अडीच. त्यात निसर्गात कार्बन-१३ चं प्रमाण १.१ टक्का. पहिल्या जागी कार्बन-१३ घातलेलं पायरुव्हेट ३० टक्के पोलराइज केलं तर दर अणूमागे सिग्नल सव्वा लाख पटीच्या घरात वाढतो. इलेक्ट्रॉनचा मॅग्नेटिक मोमेंट मोठा असल्यानं ३.३५ टेस्ला आणि १.२ केल्व्हिनला तो ९५ टक्के पोलराइज असतो. तोच साठा ९४ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हनं कार्बनकडे वळवायचा. ओव्हरहाउसरनं तत्त्व १९५३ मध्येच सांगितलं होतं, पण थंड घनातलं पोलरायझेशन द्रवात जिवंत बाहेर काढायची युक्ती स्वीडनमधल्या माल्मोच्या गटानं २००३ मध्ये दाखवली. माणसांवरचा पहिला अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोचा, प्रोस्टेट कॅन्सरचे ३१ रुग्ण, २०१३ मध्ये प्रसिद्ध. तुमचा विषय तोच, त्यामुळे डोस आणि वेळापत्रक तिथूनच सुरू करा.

पहिलाच कार्बन का, हे परीक्षक हमखास विचारतात. त्याला थेट चिकटलेला हायड्रोजन नाही, म्हणून टी-वन लांब. ग्लुकोजच्या कार्बनांवर हायड्रोजन आहेत. ते काढून ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावलं तरी टी-वन १० सेकंदांच्या आसपासच राहतो. दुसऱ्या जागी लेबल लावलं तर ते क्रेब्ज चक्रात पुढं ग्लुटामेटपर्यंत जाताना दिसतं. पहिल्या जागचं लेबल पीडीएच (पायरुव्हेट डीहायड्रोजनेज) एन्झाइमपाशीच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतं आणि बायकार्बोनेट म्हणून दिसतं. प्रोस्टेटसाठी पहिलंच पुरे.

भडंग_प्रेमी

सँपलबद्दल मी लिहितो. आधी प्राण्यांसाठीचं छोटं माप घ्या, हात त्यावरच बसवायचा. २४ मायक्रोलिटर शुद्ध पायरुव्हिक ॲसिड, वजनात ३० मिलिग्रॅम, त्यात १५ मिलिमोलर ट्रायटिल रॅडिकल. शुद्ध ॲसिड १४ मोलर असतं आणि गोठताना स्वतःच काचेसारखं होतं, ग्लिसरॉल घालावं लागत नाही. ३.३५ टेस्ला, १.४ केल्व्हिन, ९४ गिगाहर्ट्झच्या जवळ तासभर. मग १० बार दाबाखाली १८० अंश सेल्सिअसला तापवलेलं सव्वाचार मिलिलिटर बफर एका फटक्यात आत. बफरमध्ये ८० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ४० मिलिमोलर ट्रिस (पीएच सांभाळणारं द्रव्य) आणि लिटरला ०.१ ग्रॅम ईडीटीए. बाहेर येतं ते ८० मिलिमोलर पायरुव्हेट, पीएच साडेसातच्या आसपास, शरीराच्या तापमानाला.

आता बिघाड. पहिला हिशोब अल्कलीचा. ॲसिड ०.३३६ मिलिमोल, हायड्रॉक्साइडही सव्वाचार मिलिलिटरमध्ये जवळपास तेवढंच. एकास एक. पिपेटनं पाच मायक्रोलिटर ॲसिड जास्त ओढलं तर त्यातला काही भाग ट्रिस सांभाळून घेतो, पण पीएच घसरतो. बफर ट्यूबमध्ये अर्धा मिलिलिटर अडकला तरी तेच. म्हणून ॲसिड मोजायचं ते पिपेटवर भरवसा ठेवून नाही, तराजूवर. घट्ट द्रव आहे, टोकाला चिकटून राहतो.

दुसरं, काच न होता स्फटिक होणं. सँपल हळू गोठलं किंवा त्यात पाणी शिरलं की रॅडिकल स्फटिकाबाहेर ढकलले जाऊन एकत्र गोळा होतात, इलेक्ट्रॉन आणि कार्बन यांची गाठच पडत नाही, आणि मायक्रोवेव्ह तासभर देऊनही पोलरायझेशनचा आलेख जमिनीवरच राहतो. असा सपाट आलेख दिसला की फ्रिक्वेन्सी शोधत बसण्याआधी सँपल बदला. फ्रिक्वेन्सी मात्र प्रत्येक मशीनवर, प्रत्येक रॅडिकलसाठी एकदा झाडून बघावीच लागते. धन आणि ऋण असे दोन माथे मिळतात, त्यांच्या मधोमध शून्य. थोडं सरकलात तर पोलरायझेशन अर्ध्यावर.

तिसरं, जुनं ॲसिड. पायरुव्हिक ॲसिड ठेवून ठेवून आपसांत जुळतं, पॅरापायरुव्हेट बनतं. थंडीत साठवा, आणि रंग गडद पिवळा झाला असेल तर फेकून द्या. शिवाय ते दाहक आहे, हातमोजे नि चष्मा न विसरता.

चौथं आपल्या भागासाठी खास लिहितो: पावसाळ्यातली दमट हवा. सँपलचा कप खाली सोडताना किंवा फ्लुइड पाथ (बफर आत-बाहेर नेणारी नळी) जोडताना ओली हवा आत गेली की पाण्याचा बर्फ होऊन नळी बुजते. १० बारनं गरम बफर सोडल्यावर ते पुढं जात नाही, मग एकतर सँपल अर्धवट विरघळतं नाहीतर जोड सुटतो. कोरड्या हीलियम वायूनं नळी फुंकून घ्यायची, दाब धरते का ते सोडण्याआधी तपासायचं, कप टप्प्याटप्प्यानं खाली न्यायचा म्हणजे हीलियमचं तापमान उसळत नाही. खोलीत डीह्युमिडिफायर ही चैन समजू नका.

पाचवं, लोहासारखे धातू आणि विरघळलेला ऑक्सिजन. दोन्ही पॅरामॅग्नेटिक, टी-वन खातात. ईडीटीए धातूंसाठी आहे, ऑक्सिजनसाठी बफर आधी डीगॅस करा.

आणि एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही: दोन मॅग्नेटांच्या मधला पट्टा. पोलरायझर आणि स्कॅनरच्या स्ट्रे फील्डच्या (मॅग्नेटबाहेर पसरलेल्या फील्डच्या) दिशा उलट असतील तर वाटेत कुठंतरी फील्ड शून्यातून जातं. सिरिंज त्या जागी रेंगाळली की पोलरायझेशन गेलं. गाउसमीटर घेऊन वाट आधी चालून बघा. गरज पडली तर काही मिलिटेस्लाचा छोटा कायमस्वरूपी मॅग्नेट लावलेली पेटी वापरा. पायरुव्हेट तरी बरंच सोसतं. कार्बन-१३ युरिया सोबत पोलराइज करणार असाल तर साधा नको, नायट्रोजन-१५ घातलेला घ्या. साध्या युरियातला नायट्रोजन-१४ कमी फील्डमध्ये सगळं पोलरायझेशन काही सेकंदांत पुसून टाकतो.

विश्रामबाग_आरएफ

स्कॅनरची बाजू. ३ टेस्लाला कार्बन-१३ ची फ्रिक्वेन्सी ३२.१ मेगाहर्ट्झ, प्रोटॉनची १२७.७. तुमचा प्रोटॉनचा ॲम्प्लिफायर तिथं काहीच कामाचा नाही. ब्रॉडबँड ॲम्प्लिफायर, ३२ मेगाहर्ट्झचे प्रीॲम्प (आलेला सिग्नल वाढवणारे), टी-आर (ट्रान्समिट-रिसीव्ह) स्विच आणि या सगळ्याला चालवणारा मल्टिन्यूक्लिअर परवाना लागतो. परवान्याची किंमत कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत मागा, नंतर कळते ती नेहमी भलतीच असते. प्रोस्टेटसाठी ट्रान्समिटला कंबरेभोवतीचा क्लॅमशेल (शिंपल्यासारखी दोन भागांची कॉइल) आणि रिसीव्हला एंडोरेक्टल (गुदाशयात बसणारी) कॉइल ही जुनी, चाललेली जोडी. शरीररचनेची चित्रं मशीनच्याच बॉडी कॉइलवर.

कार्बनचा जायरोमॅग्नेटिक रेशो (दर टेस्लामागची फ्रिक्वेन्सी) प्रोटॉनच्या चौथाई आहे, म्हणून त्याच ग्रेडियंटवर तेवढ्याच वेळात रिझोल्यूशन चौपट जाड मिळतं. सहा ते दहा मिलिमीटरच्या व्हॉक्सेलवर (चित्रातल्या एका घनाकृती ठिपक्यावर) समाधान माना.

आता कॅलिब्रेशन. हायपरपोलराइज्ड सिग्नल परत वाढत नाही. प्रत्येक पल्स तिजोरीतून काढून नेते आणि उरलेलं टी-वन खातो. प्रोटॉनसारखं प्रीस्कॅन (स्कॅनआधीची जुळवाजुळव) करायला गेलात तर सगळं तिथंच खर्च होईल. फ्रिक्वेन्सी रुग्णाच्या पाण्याच्या प्रोटॉनवरून काढतात: पाण्याची फ्रिक्वेन्सी गुणिले ०.२५१४५ च्या जवळचा गुणक. तुमच्या मशीनवर नेमका किती ते फँटमवर (चाचणीसाठीच्या द्रवाच्या बाटलीवर) एकदा ठरवून ठेवा. पॉवरसाठी कॉइलमध्येच बसवलेली, तीव्र कार्बन-१३ युरियाची छोटी कुपी. ती कुपी कडेला असते आणि प्रोस्टेट मध्ये, म्हणजे दोन्हीकडचं बी-वन (पल्सच्या रेडिओ फील्डची ताकद) सारखं नसतं. बी-वनचा नकाशा मोठ्या फँटमवर आधी काढून गुणक लावून ठेवावा. आता काही केंद्रं इंजेक्शन येताक्षणी थोडासा सिग्नल खर्चून ब्लॉख-सीगर्ट पद्धतीनं पॉवर आपोआप लावून घेतात, ते उत्तम, पण सॉफ्टवेअर हाताशी हवं.

फ्लिप अँगलवर (एक पल्स मॅग्नेटायझेशन किती अंश वळवते त्यावर) वाद पुष्कळ. साधं गणित: २० अंशांच्या १० पल्स मारल्या की पोलरायझेशन ५४ टक्क्यांवर येतं, टी-वन वेगळाच. १० अंशांच्या ३० पल्सनंतर ६३ टक्के. वाढता अँगल वापरला, उदाहरणार्थ आठ पल्ससाठी २०.७, २२.२, २४.१, २६.६, ३०, ३५.३, ४५ आणि ९०, तर प्रत्येक वेळी सारखा सिग्नल मिळतो आणि शेवटी काही शिल्लक राहत नाही. कागदावर सुंदर. पण बी-वन १० टक्के चुकलं तरी शेवटच्या दोन-तीन फ्रेम वाकड्या येतात आणि वेगांक (पायरुव्हेटचं लॅक्टेट होण्याच्या वेगाचा आकडा) मोजायला निघालात तर तीच चूक वेगांकात घुसते. माझं मत: स्थिर अँगल ठेवा, पायरुव्हेटला लहान, १० ते २० अंश, आणि लॅक्टेटला मोठा, ३० च्या आसपास. पायरुव्हेट हा कच्चा माल आहे, तो जपायचा. लॅक्टेट तयार होईल तसं वेचायचं.

वेगवेगळे अँगल देण्यासाठी स्पेक्ट्रल-स्पेशल पल्स (ठरावीक फ्रिक्वेन्सी आणि ठरावीक जागा दोन्ही निवडणारी) लागते. स्पेक्ट्रममधल्या जागा अशा: पायरुव्हेट १७१ पीपीएम, अलॅनिन १७६.५, पायरुव्हेट हायड्रेट १७९, लॅक्टेट १८३, बायकार्बोनेट १६१. पायरुव्हेट-लॅक्टेटमधलं अंतर ३ टेस्लाला ३९० हर्ट्झच्या आसपास, त्यामुळे एकेका रेणूला वेगळं उचलून ईपीआयनं (झटपट चित्र काढायच्या पद्धतीनं) चित्र काढता येतं. दर ३ सेकंदांनी एक संच, २० वेळा, मिनिटात खेळ खलास. गुदाशयातल्या हवेमुळे प्रोस्टेटच्या मागच्या कडेला फील्ड बिघडलं तर मात्र पल्स चुकीच्या रेणूला उचलते. शिमिंग (फील्ड एकसारखं करून घेणं) प्रोटॉनवर, इंजेक्शनच्या आधी, मन लावून करा. एंडोरेक्टल फुग्यात हवेऐवजी परफ्लुओरोकार्बन भरण्याचं कारण हेच.

मिरज_३टी

काका, भडंग, विश्रामबाग, तिघांचेही आभार. दोन उपप्रश्न. माणसाला देताना डोस आणि तपासणी कशी असते? आणि शहरात १.५ टेस्लाची मशीन जास्त आहेत, तिथं हे होणारच नाही का?

हीलियम_काका

१.५ ला होतं. पोलरायझेशन आपण बाहेरून भरून आणतोय, स्कॅनरचं फील्ड ते ठरवत नाही. उलट टी-टू-स्टार (एका पल्सनंतर सिग्नल टिकण्याचा काळ) लांब मिळतो. तोटा इतकाच की पायरुव्हेट-लॅक्टेटमधलं अंतर २०० हर्ट्झच्या आत येतं, तेवढी पल्स लांबवावी लागते. तरी तुमच्याकडे ३ आहे तर ३ वरच करा, कॉइल नि पल्स तिथल्या तयार मिळतात.

डोस: २५० मिलिमोलर पायरुव्हेट, किलोला ०.४३ मिलिलिटर, सेकंदाला ५ मिलिलिटर वेगानं, मागोमाग २० मिलिलिटर सलाइन. ६० किलोच्या माणसाला २५.८ मिलिलिटर, पाच सेकंदांत आत. म्हणजे पॉवर इंजेक्टर आणि कोपराच्या शिरेत जाड कॅन्युला. मनगटावरची बारीक सुई चालायची नाही.

माणसांसाठीचं मशीन वेगळं. जीईचं स्पिनलॅब ५ टेस्ला आणि ०.८ केल्व्हिनवर चालतं, एका वेळी चार सँपल, हीलियम बंद चक्रात फिरतं. वेळ दोन-तीन तास लागतो. एकाच रुग्णासाठी दोन सँपल लावून ठेवायची सवय चांगली, पहिलं तपासणीत नापास झालं तर रुग्ण टेबलावर ताटकळत नाही.

तपासणीचं मर्म रॅडिकलमध्ये आहे. विरघळलेलं ॲसिड अजून आम्ल असतानाच वैद्यकीय रॅडिकल साका होऊन खाली बसतो आणि फिल्टर त्याला अडवतो. त्यानंतरच ट्रिस आणि हायड्रॉक्साइडमध्ये उदासीन करायचं. क्रम उलटा झाला तर रॅडिकल विरघळलेलाच राहतो आणि बॅच बाद. मर्यादा काही मायक्रोमोलरचीच असते. मग पायरुव्हेट २२० ते २८० मिलिमोलर, पोलरायझेशन किमान १५ टक्के, पीएच, तापमान, आणि ०.२ मायक्रॉनच्या निर्जंतुकीकरण फिल्टरची बबल पॉइंट चाचणी (फिल्टर फाटलेला नाही ना हे बघणारी). हे सगळं अर्ध्या मिनिटात, यंत्रावर, आणि फार्मासिस्टनं हो म्हटल्याशिवाय सिरिंज हलवायची नाही. जंतूंच्या कल्चरचा निकाल नंतर येतो, म्हणून फ्लुइड पाथ भरण्याचं काम निर्जंतुक लॅमिनार फ्लोखालीच करावं लागतं. प्रस्तावात लोक पोलरायझरचा खर्च धरतात आणि ही खोली विसरतात.

परवानगी: कार्बन-१३ किरणोत्सारी नाही, त्यामुळे अणुऊर्जा नियामकाकडे जायचं काम नाही. पण भारतात हे नवीन औषधच ठरणार, म्हणजे २०१९ च्या नियमांखाली सीडीएससीओ (केंद्रीय औषध नियंत्रण संस्था) आणि नैतिकता समिती. अमेरिकेतसुद्धा पायरुव्हेट अजून संशोधनाच्याच परवानगीवर आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिथं मंजूर झाला तो फुप्फुसांसाठीचा हायपरपोलराइज्ड झेनॉन, त्याची गल्लत करू नका.

जाता जाता, तळघर नको. चिलर आणि कॉम्प्रेसर तिथं टाकायचा मोह होतो. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, ते ध्यानात ठेवून जागा निवडा. वीज गेल्यावर क्रायोस्टॅट (सँपल अतिथंड ठेवणारा भाग) परत थंड व्हायला लागणारा वेळही वेळापत्रकात धरा, जनरेटर चिलरसकट उचलेल एवढा घ्या.

स्पेक्ट्रो_ताई

सगळ्यांनी बरोबर सांगितलंय, पण मी जरा पाणी ओतते. एका पोलरायझरसाठी फार्मसी, क्रायोजेनिक्स आणि आरएफ जाणणारी माणसं रोज लागतात. ती नसताना मशीन आलं तर ते वर्षभर झाकून राहील. त्याआधी तुमच्याच स्कॅनरवर दोन गोष्टी होण्यासारख्या आहेत.

मेंदूच्या गाठींसाठी प्रोटॉन स्पेक्ट्रोस्कोपी. लॅक्टेटची जोडी १.३३ पीपीएमला, दोन शिखरांत ७ हर्ट्झ. चरबीही तिथंच येते, म्हणून इको टाइम (पल्सपासून सिग्नल मोजेपर्यंतचा वेळ) १४४ मिलिसेकंद ठेवला की लॅक्टेट उलटं दिसतं आणि चरबी ओळखू येते. ३ टेस्लाला मात्र १४४ वर लॅक्टेट फसवतं. लोकलायझेशनच्या पल्स त्याच्या मिथाइल आणि मिथाइन गटांना वेगवेगळ्या जागी उचलतात, काही भाग उलटा तर काही सुलटा होऊन एकमेकांना खातो. २८८ वर परत काढा, सुलटं दिसलं पाहिजे. ८ मिलिलिटरचा व्हॉक्सेल, रिपिटिशन टाइम २ सेकंद, १२८ ॲव्हरेज, सव्वाचार मिनिटं. हे साठलेलं लॅक्टेट दाखवतं, वेग नाही, एवढं कबूल.

वेगाच्या जवळ जायचं तर ड्युटेरियम. ड्युटेरियम घातलेलं ग्लुकोज प्यायला द्यायचं, किलोला ०.७५ ग्रॅम, जास्तीत जास्त ६० ग्रॅम, आणि ग्लुटामेट-ग्लुटामिन व लॅक्टेट बघायचं. येलच्या गटानं २०१८ मध्ये ४ टेस्लावर माणसांत दाखवलं आहे. पोलरायझर नाही, घाई नाही, फार्मसी सोपी. ३ टेस्लाला १९.६ मेगाहर्ट्झची कॉइल आणि तोच ब्रॉडबँड ॲम्प्लिफायर लागतो, म्हणजे विश्रामबागांनी सांगितलेला खर्च पुढं कार्बनलाही कामी येतो. टी-वन आखूड असल्यानं पल्स पटापट मारून ॲव्हरेज करता येतं, आणि शरीरातल्या पाण्यातलं नैसर्गिक ड्युटेरियम तयार मापदंड म्हणून मिळतं. व्हॉक्सेल मोठा राहतो, प्रोस्टेटला तो अपुरा पडेल.

विश्रामबाग_आरएफ

ताईंशी अर्धा सहमत. मेंदूला ड्युटेरियम चालेल, प्रोस्टेटला पर्याय नाही. पण ॲम्प्लिफायर आणि कॉइल पहिल्या टप्प्यात घ्या, हे पटलं. कार्बनच्या कॉइलचा सराव पोलरायझरशिवाय करता येतो: इथिलीन ग्लायकॉलची बाटली आणा, त्यातल्या १.१ टक्के नैसर्गिक कार्बन-१३ चा सिग्नल ॲव्हरेज करून मिळतो. प्रोटॉन जोडलेले असल्यानं तीन शिखरं दिसतील, मधलं धरा. फ्रिक्वेन्सीचा गुणक, बी-वनचा नकाशा, पल्सची रुंदी सगळं तिथंच तपासून होतं.

मिरज_३टी

म्हणजे टप्पा एक: ॲम्प्लिफायर, दोन कॉइल, फँटम. पोलरायझर टप्पा दोनमध्ये. वेगांक काढायला आधी कोणतं मॉडेल ठेवू?

हीलियम_काका

आधी मॉडेल नकोच. लॅक्टेटच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ भागिले पायरुव्हेटचं. फ्लिप अँगल आणि वेळापत्रक सगळ्या रुग्णांत सारखं असेल तर हे गुणोत्तर वेगांकाच्या प्रमाणात चालतं. नंतर पायरुव्हेटचा मोजलेला आलेखच इनपुट धरून वेगांक फिट करा, त्यात इंजेक्शन किती वेळानं पोचलं याची फिकीर राहत नाही. मोजणी मात्र प्रत्येक रुग्णात पायरुव्हेट कॉइलखाली पोचल्यावर सुरू करा, इंजेक्टरचं बटण दाबल्यावर नाही. हृदयाचा जोर कमी असलेल्या म्हाताऱ्या रुग्णात तेवढ्यात काही सेकंदांचा फरक पडतो आणि गुणोत्तर उगाच वाढलेलं किंवा पडलेलं दिसतं.